नेऱ्याचा चंद्र, प्रागचा उपास

नेऱ्यात आमच्या आळीत सध्या प्राग या शहराबद्दल कुणालाही काहीही विचारा. नदीवरचा पूल कुठल्या साली बांधला, ट्रामचं तिकीट काढल्यावर ते कुठल्या पिवळ्या डबीत घालून छापून घ्यायचं, युरो देऊन कोरुना घेताना कुठल्या छापाच्या दुकानाची पायरी चढायची नाही, हे किराणावाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ आहे. यातलं कुणीही प्रागला गेलेलं नाही. बरेच जण तर बऱ्याच दिवसांत दादरलाही गेलेले नाहीत. पण आमचा पुतण्या ईस्टरच्या सुट्टीत मित्रमैत्रिणींबरोबर प्रागला जाऊन आला. पोरं तीन दिवसांत परत आली. आम्ही अजून परतलेलो नाही.

नेरे म्हणजे पनवेलहून माथेरानच्या पायथ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. सुकापूर मागे टाकलं की नेरे, पुढे वाजे, मग मालडुंगे, धोदाणी, आणि तिथे रस्ता संपून डोंगर सुरू. बाहेरच्या माणसाला गाव सांगायचं तर शांतिवन सांगायचं, नाहीतर पुढे वाज्याला हिंदी सिनेमातल्या एका बड्या नटाचं फार्महाऊस आहे ते सांगायचं. आता तेही लागत नाही. विमानतळ आला, त्याच्याबरोबर भोवतालच्या नव्या शहराची 'नैना' योजना आली, आणि भाताच्या खाचरांपेक्षा वन बीएचकेचे फलक जास्त झाले. पुतण्याला परदेशी पाठवायचं ठरलं तेव्हा दादाने रस्त्याकडेचे काही गुंठे काढले, ते याच भावात.

जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नसते हे कळल्यावर घरात आधी आनंद झाला होता. मग कळलं की फी नसली तरी व्हिसासाठी मुलाच्या नावावर ११,९०४ युरो आधी भरून दाखवावे लागतात. ते एकदम काढता येत नाहीत, महिन्याला ९९२ युरो असे सुटतात. दादाने हे सगळं बँकेत जाऊन समजून घेतलं आणि ओटीवर बसून आम्हाला समजावलं. तात्यांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे पेन्शन." जन्मभर शेती केल्यामुळे तात्यांना स्वतःला पेन्शन नाही. नोकरी लागायच्या आधीच पेन्शन चालू करणारं सरकार त्यांना एकदम पसंत पडलं.

त्यात पुतण्याला प्रवेश मिळाला केम्निट्झला. पूर्व जर्मनीच्या राज्यात, १९५३ ते १९९०, या शहराचं नाव कार्ल-मार्क्स-श्टाट होतं, आणि तिथे मार्क्सचं नुसतं डोकं, ब्राँझचं, सात मीटर उंच, अजूनही भर रस्त्यावर उभं आहे. तात्या जुने शेकापवाले. पनवेल-उरण पट्ट्यात लाल बावट्याशिवाय पान हलत नव्हतं त्या काळातले. पहिल्याच व्हिडिओ कॉलवर पुतण्याने ते डोकं दाखवलं तेव्हा तात्या खुर्चीत ताठ बसले.

"धड कुठाय रं?"

"धड नाहीच आजोबा. एवढंच आहे."

तात्या बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बराबर हाय. धड आमच्याकडं होतं."

जर्मनीत २०२३-२४च्या हिवाळी सत्रात ४९ हजारांवर भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांत चिनी मुलांना मागे टाकून आपला पहिला नंबर लागला. त्यातले थोडेथोडके नाही, चांगले दिसण्याइतके केम्निट्झमध्ये आहेत, आणि संध्याकाळी सातनंतर त्या सगळ्यांच्या हॉस्टेलांतून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात, असं पुतण्या सांगतो. अशा ठिकाणी सहल ठरायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो निघायला. आधी 'प्राग' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला, त्यात तेवीस जण होते. मग 'प्राग फायनल', त्यात चौदा. मग 'प्राग जाणारेच', त्यात नऊ. बसमध्ये बसले आठ. नववा स्टँडवर आला होता, पण सोडायला.

आठांत आमचा पुतण्या, घरात त्याला सगळे बाला म्हणतात. साताऱ्याची एक मुलगी, सांगलीचा एक, नागपूरची एक, पुण्याचा एक, हैदराबादचे दोघे आणि एक केरळचा. हैदराबादच्या दोघांपैकी एकाकडे हिशेब. अशा प्रत्येक ग्रुपमध्ये एक हिशेबनीस असतोच, आणि तो निवडावा लागत नाही. पहिल्या चहाचे पैसे देताना ज्याच्या कपाळाला आठी पडते तो आपोआप हिशेबनीस होतो. पुण्याच्या मुलाकडे माहिती खातं. तेही कुणी दिलेलं नव्हतं.

इकडे वहिनीने अट घातली: एकाचा फोन बंद पडला तर दुसऱ्याच्या घरी विचारता आलं पाहिजे, म्हणून सगळ्यांच्या आयांचे नंबर हवेत. साताऱ्याच्या मुलीचे वडील शिक्षक. त्यांनी लगेच 'प्राग पालक' असा ग्रुप काढला आणि पहिल्याच दिवशी सूचनापत्रक टाकलं. हैदराबादचे पालक इंग्रजी अक्षरांत तेलुगू लिहायचे, केरळच्या आई फक्त हात जोडल्याचं चित्र टाकायच्या, आणि सांगलीचे वडील रोज सकाळी सुविचार. आठ पोरं प्रागला निघाली होती आणि त्यांच्या मागे सोळा पालक, शिवाय एक आजोबा आणि एक काका.

इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला शिकायला गेल्या, त्या काळात पत्र बोटीने यायचं. पत्र हातात पडेपर्यंत त्यातली सर्दी बरी झालेली असायची. घरच्यांना काळजी करायला उसंत होती आणि काळजी करून उपयोग नाही हेही मान्य होतं. आता मेसेजवर दोन निळ्या खुणा आल्या आणि उत्तर आलं नाही, तर वहिनीचा चहा उतू जातो.

केम्निट्झजवळच्या ड्रेस्डेनहून प्राग बसने दोन-अडीच तास. नेऱ्याहून शेअर रिक्षाने पनवेल, पनवेलहून हार्बर लोकलने कुर्ला, तिथून गाडी बदलून दादर, एवढं करायला आम्हाला लागतो तेवढाच वेळ. तेवढ्यात पोरं दुसऱ्या देशात. चेक प्रजासत्ताक २००७च्या डिसेंबरपासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे जर्मनीचं राहण्याचं कार्ड असलं की वेगळा व्हिसा लागत नाही. बालाने हे आधीच सांगितलं होतं. तरीही वहिनीने विचारलंच, "शिक्का कुठं मारला?"

"शिक्का नसतो गं आई."

"मग गेलास कशावरनं?"

प्रश्न अगदीच टाकाऊ नाही. पाहिलेल्या जागेचा पुरावा हवा म्हणून तर फोटो काढायचे. तसे आमच्याकडे शेकड्यांनी आले. पण त्यातला एकही प्राग शहराचा नाही. ते या आठ जणांचे आहेत, आणि त्यांच्या मागे काहीतरी दगडी आहे. दगडी भाग किल्ला आहे की चर्च की बसस्टँड, हे पुण्याच्या मुलाने प्रत्येक फोटोखाली लिहिलं म्हणून कळलं.

पहिल्या संध्याकाळी 'प्राग पालक'वर खळबळ माजली. साताऱ्याच्या गुरुजींनी मुलीला लाइव्ह लोकेशन चालू ठेवायला सांगितलं होतं. ते नकाशा लावून बसले होते, आणि त्यांच्या नकाशावर निळा ठिपका नदीत होता. भर नदीत. गुरुजींनी स्क्रीनशॉट टाकला आणि खाली एवढंच लिहिलं: "मुले नदीत आहेत." पाच मिनिटांत सोळा पालकांचे फोन सुरू. केरळच्या आईंचे जोडलेले हात सलग अकरा वेळा. दादाने नकाशा बोटांनी मोठा केला तेव्हा ठिपक्याखाली एक बारीक पट्टी दिसली. मुलं पुलावर होती.

तो चार्ल्स पूल. त्याची गोष्ट पुण्याच्या मुलाने व्हॉइस मेसेजवर पाठवली, आणि ती ऐकून आमच्या घरात प्रागबद्दल जो आदर निर्माण झाला तो अजून टिकून आहे. चौथा चार्ल्स नावाचा राजा. त्याला पुलाची पायाभरणी करायची होती. ज्योतिष्यांनी मुहूर्त काढून दिला: साल १३५७, नववी तारीख, सातवा महिना, पहाटे पाच वाजून एकतीस मिनिटं. ओळीने लिहा: १-३-५-७-९-७-५-३-१. पुढून वाचा, मागून वाचा, तेच. आख्यायिका म्हणून सांगतात, पण वहिनीच्या दृष्टीने त्यात आख्यायिका काही नव्हती. "मुहूर्त बघून केलं म्हणून टिकलं," ती म्हणाली.

तात्यांनी फक्त विचारलं, "पुरा कवा झाला?"

"१४०२ला, आजोबा. पंचेचाळीस वर्षं लागली."

तात्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. आमच्या पळस्पे फाट्यावरून निघणारा मुंबई-गोवा महामार्ग २०११ पासून रुंद होतो आहे. "म्हंजे अजून टाइम हाय," ते समाधानाने म्हणाले.

पुलाच्या चुन्यात अंडी घातली होती अशीही एक कथा आहे. बोहेमियाच्या गावागावांतून गाड्या भरून अंडी मागवली, आणि वेल्वारी नावाच्या एका गावाने वाटेत फुटू नयेत म्हणून ती उकडून पाठवली. प्रागचे लोक आजही त्या गावाला हसतात म्हणे. आमच्या घरात कुणी हसलं नाही. वहिनी दर दोन महिन्यांनी जर्मनीला पार्सल करते. सुकटीची चटणी तीन पिशव्यांत, त्यावर चिकटपट्टी, मग स्टीलचा डबा, डब्याला फडकं. तिला वेल्वारीचे लोक मनापासून पटले. "लांब पाठवायचं म्हणजे उकडूनच पाठवणार ना," ती म्हणाली. "मागवणाऱ्यानं सांगायला नको, कशाला हवीत ते?"

पुलावर नेपोमुकच्या संत जॉनचा पुतळा आहे. या संताला १३९३ साली पुलावरून खाली नदीत टाकलं होतं. पुतळ्याखालच्या ब्राँझच्या चित्राला हात लावला की नशीब उजळतं अशी समजूत, त्यामुळे हात लागून लागून तेवढीच जागा सोन्यासारखी चमकते. आठही जणांनी हात लावला. आठांपैकी सात जणांनी पार्ट टाइम नोकरी मागितली. आठवा हैदराबादचा हिशेबनीस, त्याच्याकडे नोकरी आहे. त्याने काय मागितलं ते तो सांगत नाही, पण त्या दिवसापासून हिशेब जास्त काटेकोर झाले.

आता थोडं प्रागच्या घड्याळाबद्दल. जुन्या चौकातलं हे खगोलीय घड्याळ १४१० सालचं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधी दोनशे वीस वर्षं. दर तासाला वरच्या दोन खिडक्या उघडतात, येशूचे बारा शिष्य एकामागून एक तोंड दाखवून जातात, बाजूचा सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो, शेवटी कोंबडा आरवतो. बालाने दुपारी बाराच्या ठोक्याला व्हिडिओ कॉल लावला. इथे साडेतीन वाजले होते, म्हणजे आमच्या आळीची झोपेची वेळ. तरी सगळे जमले. आम्हाला दिसलं ते असं: पुढच्या माणसांची डोकी, त्या डोक्यांवर वर धरलेले मोबाईल, आणि प्रत्येक मोबाईलमध्ये छोटंसं घड्याळ. पंधरा-वीस घड्याळं दिसली. खरं एकही नाही. मग टाळ्या वाजल्या.

"झालं?" वहिनीने विचारलं.

"झालं."

"कोंबडा?"

"आरवला गं, ऐकलं नाही का?"

त्याच वेळी आमच्या मागच्या परसात कोंबडा आरवला होता, त्यामुळे हा वाद मिटलेला नाही.

बाजारात लाकडी दांड्याला कणीक गुंडाळून, निखाऱ्यावर फिरवून भाजतात, वर साखर-दालचिनी. ट्रडेल्निक म्हणतात. पाटीवर 'जुनी चेक मिठाई' असं लिहिलेलं असतं, पण चेक लोकच म्हणतात की आमच्या आजीने हे कधी केलं नाही, हे पाहुण्यांसाठी काढलेलं खूळ. किंमत शे-दीडशे कोरुना. बालाने कॅमेऱ्यासमोर धरून दाखवलं तेव्हा पलीकडच्या भिंतीवरचा पंखा त्यातून आरपार दिसला.

"आत काय नाय?" तात्या.

"नाही आजोबा. पोकळ असतं."

"केवढ्याला?"

दादाने मोबाईलवर कोरुनाचे रुपये केले. "पाचशेच्या आसपास."

"मग पाचशे कशाचे?"

आइस्क्रीम भरून घेतलं तर आणखी पैसे, हे बालाने त्या वेळी सांगितलं नाही. शहाणा झाला आहे.

बालाला मी एकदा विचारलं, शहर कसं होतं? तो थोडा थबकला. मग नागपूरच्या मुलीला ट्राममध्ये डुलकी कशी लागली, सांगलीवाल्याचा बूट पुलावर कसा उसवला, दोघांनी तिकीट काढलं पण छापून घ्यायचं विसरले तेव्हा तपासनीस कसा चढला, हे सांगू लागला. माझं मत विचाराल तर मुलं चूक करत नाहीत. एकट्याने परदेशी शहरात फिरताना माणसाला परदेश लागतो, गाडी लागते तसा. सगळं नवं असतं आणि सांगायला कुणी नसतं. आठ जण असले की लागत नाही. आपापली भांडणं आणि डबे बरोबर नेलेले असतात. तिथलं शहर बिचारं आपल्या परीने देखावा करत असतं, आणि मध्येच कुणीतरी मान वर करून म्हणतं, भारी आहे हां.

पण तिसऱ्या दिवशी संकष्टी होती, आणि त्या दिवशी प्रागला आमच्या गावाची खरी गरज पडली.

साताऱ्याची मुलगी दर महिन्याची संकष्टी करते. आईला शब्द दिला आहे. केम्निट्झमध्ये चंद्रोदय कधी आहे ते ती मोबाईलवर बघते आणि तेव्हाच सोडते. पण एप्रिलमधली संकष्टी, आणि उत्तरेचा मुलूख. तिथे चंद्र उगवणार होता मध्यरात्रीच्या सुमारास. दिवसभर दगडी चढावर चालून, किल्ला बघून, एक सफरचंद आणि दोन केळी एवढ्यावर ती मध्यरात्रीपर्यंत राहणार, हे बाकीच्या सात जणांना बघवेना. विशेषतः त्यांना जेवायचं होतं म्हणून. पुण्याचा मुलगा म्हणाला, स्थानिक चंद्रोदयच धरावा लागतो, शास्त्र आहे. सांगलीचा म्हणाला, शास्त्र लिहिलं तेव्हा शेंगेन नव्हतं. मग बालाने वहिनीला फोन लावला.

वहिनीने कालनिर्णय काढलं. मुंबईचा चंद्रोदय रात्री दहाच्या आसपास, म्हणजे प्रागमध्ये संध्याकाळचे साडेसहा. तिने निकाल दिला: "चंद्र काय दोन आहेत? इथं उगवला म्हणजे उगवला. बस म्हणावं पोरीला जेवायला." 'प्राग पालक'वर साताऱ्याच्या आईंनी होकार कळवला. गुरुजींनी थोडा अभ्यास करून "आपत्तीत चालते" असं लिहिलं. अट एकच: कालनिर्णयातल्या वेळेवर नाही, डोळ्यांनी चंद्र बघूनच.

इथे घोळ झाला. नेऱ्याच्या पूर्वेला माथेरानचा डोंगर. कालनिर्णयात चंद्र उगवतो तेव्हा तो आमच्याकडे डोंगराच्या मागे असतो. वर यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि आता त्या डोंगराच्या अलीकडे नवा टॉवर उभा राहिला आहे, त्याची भर वेगळी. तिकडे प्रागच्या एका खाणावळीत आठ जण टेबल अडवून बसले होते. वेटर दोनदा येऊन गेला होता. बाहेर लख्ख ऊन. टेबलावर पाण्याच्या बाटलीला मोबाईल टेकवून ठेवलेला, आणि त्यात नेऱ्याचा अंधार.

"आला का काकू?"

"डोंगर उजळलाय. थांब."

वहिनी ओटीवरून अंगणात, अंगणातून गच्चीवर. तिच्या मागे मी टॉर्च घेऊन. "आला का?" वेटर तिसऱ्यांदा आला. पुण्याच्या मुलाने त्याला इंग्रजीत सांगितलं की आम्ही चंद्राची वाट बघतोय. वेटरने खिडकीबाहेरच्या उन्हाकडे पाहिलं आणि तो निघून गेला. पुढे त्याने त्यांच्या टेबलावर नजर ठेवली म्हणतात. "आता टॉवरच्या मागं गेला गं," वहिनी ओरडली. साताऱ्याची लेक प्राग शहरात, नेऱ्याच्या एका बिल्डरमुळे उपाशी होती.

शेवटी टॉवरच्या कडेने चंद्र निघाला. वहिनीने मोबाईल तिकडे फिरवला. फोनमध्ये दिसला तो पांढरा ठिपका, तोही रस्त्यावरच्या दिव्यासारखाच. मुलीने हात जोडले. केरळच्या मुलानेही जोडले, त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तिने काय खाल्लं, हा पुढचा प्रश्न. चेक खाणावळीत शाकाहारी माणसाला तळलेलं चीज आणि बटाटे यापलीकडे फारसं काही मिळत नाही. पण तिथे एक पदार्थ असतो, ओवोत्स्ने क्नेडलिकी. पिठाची पारी, आत अख्खी स्ट्रॉबेरी नाहीतर जर्दाळू, गोळा वळून उकळत्या पाण्यात शिजवायचा, वर लोणी आणि साखर. ताट समोर आलं आणि मुलीने कॅमेरा त्याच्यावर धरला.

वहिनी एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "अगं, हे तर उकडीचेच!"

"कळ्या नाहीत काकू."

"कळ्यांचं काय, सवयीनं येतात. नैवेद्य दाखवलास का?"

सात जणांनी त्या संध्याकाळी काय काय घेतलं त्याबद्दल वेगळं सांगायला हवं. चेक लोक डोईमागे बियर पिण्यात जगात पहिले, आणि तिथे बऱ्याच खाणावळींत पाण्यापेक्षा बियर स्वस्त पडते. हे तात्यांनी पेपरात वाचलं होतं. तात्यांचं वाचन हीच खरी अडचण आहे. बाटा कंपनी १८९४ साली चेक मुलखातल्या झ्लिन गावात निघाली आणि स्कोडा गाडी तिथली, हेही त्यांनीच शोधून काढलं, आणि तेव्हापासून पायातली चप्पल दाखवून "प्राग आपलंच हाय" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. त्यांनी व्हिडिओ कॉलवर सरळ विचारलं, "पाण्यापरीस बियर सस्ती, तर तुमी काय पिता?"

"पाणी," सात आवाज एका सुरात आले.

पुढे हिशेबनीसाने ॲपवरचा तक्ता सगळ्यांना पाठवला. त्यात बसभाडं होतं, हॉस्टेलचे बेड होते, स्वच्छतागृह १० कोरुना हे स्वतंत्र नावानिशी होतं, आणि मध्ये एक ओळ होती: पाणी, १४०० कोरुना. साताऱ्याच्या मुलीचा त्यात वाटा शून्य. दादाने चष्मा लावून ती ओळ वाचली, मला दाखवली आणि फोन उलटा ठेवला. "लई तहान लागली असंल," तात्या म्हणाले. त्यांना कुणी दाखवलं नव्हतं.

या तक्त्यानुसार साताऱ्याची मुलगी बालाचं २३ युरो ४० सेंट देणं लागत होती. महिनाअखेर होती, तिचे ९९२ पुढच्या महिन्यात सुटणार. तिने वडिलांना सांगितलं, तुम्हीच तिथे देऊन टाका. गुरुजींनी दादाचा नंबर घेतला आणि यूपीआयने रुपयांत रक्कम पाठवली, खाली "प्राग" असं लिहून. दादाने ती परत पाठवली: "राहू द्या हो, मुलीसारखी." गुरुजींनी पुन्हा पाठवली: "व्यवहार तो व्यवहार." दादाने पुन्हा परत. आठवडाभर तेच पैसे सातारा-नेरे अशी फेरी मारत होते. शेवटी गुरुजींनी पैसे आपल्याकडे ठेवून घेतले आणि कुरियरने कंदी पेढ्यांचा मोठा पुडा पाठवला. आम्ही सगळ्यांनी खाल्ले. दादाने उलट साताऱ्याला मिरची गल्लीतून मिरच्या आणून डंखावर कुटून घेतलेला आगरी मसाला पाठवला, आणि दोन्ही घरांत एकदाचं समाधान झालं.

हिशेबनीसाचं झालं नाही. ॲपमध्ये २३ युरो ४० सेंट तसेच लाल अक्षरांत होते. त्याने दादाला मेसेज केला: अंकल, पेढे किलोला किती? दादाने सांगितलं. मसाला किती ग्रॅम? सांगितलं. त्याने वजाबाकी केली तर आता उलट गुरुजींचंच थोडं येणं निघत होतं. मग त्याचा शेवटचा प्रश्न आला: अंकल, पेढे एकट्या तुमच्या घरात संपले की आणखी कुणी खाल्ले? कारण खाल्ले असतील, तर त्यांना ग्रुपमध्ये घ्यावं लागेल.

दादा खोटं बोलत नाही. शुगर असताना तात्यांनी दोन खाल्ले, तेही त्याने कळवलं. माझ्या नावावर दीड पेढा लागला आहे, ०.२९ युरो. ॲप दर सोमवारी आठवण करतं.